पहिली सापडेल ती एक

मंगळवारी कांचन दिवेकर ऑफिसातून घरी आली ती चक्क गुणगुणत. शंतनूनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून विचारलं, "काय गं, प्रमोशन?"

"त्याहून भारी. फाइल साफ केली."

शंतनूनं डोकं परत आत घेतलं. बायकोला आनंद कशाकशाचा होतो हे त्याला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नव्हतं. तो स्वतः चांगला मेकॅनिकल इंजिनिअर, पण बायकोच्या व्हिसाच्या शेपटाला धरून अमेरिकेत आलेला. त्याला इथं नोकरी करायची परवानगी नाही, म्हणून सिॲटलजवळच्या बॉथेलच्या अपार्टमेंटमध्ये बसून भाज्या चिरायच्या आणि संध्याकाळी बायकोचं कौतुक करायचं. ते त्यानं केलं.

आपल्याला मात्र ती फाइल समजून घ्यायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. घाबरू नका, सोपी आहे. म्हणजे कांचननं ती सोपी केली, आणि तिथंच तर सगळं बिनसलं.

कांचन जिथे कॉम्प्युटर सांभाळायची ती कंपनी लहानशी, बॉथेलमध्येच. काम मात्र असं की ऐकूनच अंगावर काटा यावा. कॅन्सरच्या काही पेशंटांच्या रक्तातून चांगल्या पेशी आधीच काढून घेतात आणि पिशवीत भरून गोठवतात. मग त्या माणसाला इतकी जहाल केमो देतात की कॅन्सरबरोबर त्याच्या हाडांतली रक्त बनवणारी यंत्रणाही पार जळून जाते. आणि मग त्याच्याच पेशी त्याला परत देतात. पेशी मिळाल्या तर माणूस उठतो, नाही मिळाल्या तर उठत नाही. सिॲटलच्या हॉस्पिटलांच्या अशा पिशव्या कांचनच्या कंपनीत दोन मोठ्या फ्रीझरमध्ये असत, शून्याखाली दीडशे अंशांवर.

दोन्ही फ्रीझर जुने. दारावरचे मूळचे आकडे कधीच बंद पडलेले. त्यामुळे प्रत्येकाला एक कंट्रोलची पेटी जोडलेली, पेटीची वायर कॉम्प्युटरला, आणि सगळा कारभार त्या कॉम्प्युटरच्या हाती. थंड कर, गरम कर, किती अंश झाले ते स्क्रीनवर दाखव, दारावर दाखव, सगळं तोच करणार. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टीम. लिनक्समध्ये जोडलेल्या प्रत्येक वस्तूला एक नाव मिळतं, फाइलला असतं तसं. प्रोग्रॅमला वस्तू दिसत नाही, नुसतं नाव दिसतं. 'फ्रीझर दोन'ला गरम कर म्हटलं की त्या नावामागे जो कोणी उभा असेल त्याला तो बिचारा इमानेइतबारे गरम करणार. आणि कुठल्या वस्तूला कुठलं नाव द्यायचं, ते ठरवणारे नियम एका फाइलीत लिहिलेले.

ती फाइल म्हणजे घरातला माळा झाला होता. कंपनी सुरू झाल्यापासून जो आला त्यानं आपलं एक बोचकं त्यात टाकलं. कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचे नियम, कुणाच्या तरी स्कॅनरचे नियम, एका नियमाला खोडून काढणारा दुसरा नियम. फ्रीझरच्या पेट्यांसाठी तर प्रत्येक पेटीचा कारखान्यातला नंबर लिहून ठेवलेला: या नंबरची ती एक, त्या नंबरची ती दोन. पेटी बिघडून नवी आणली की नवा नंबर लिहायचा. ऑगस्टमध्ये तो लिहायला कुणीतरी विसरलं, अलार्म बोंबलला, आणि कांचनला लोकांच्या बार्बेक्यूमधून हातातलं कणीस टाकून धावावं लागलं. तेव्हापासून ती या फाइलीवर दात धरून होती. त्यात त्या वर्षी, म्हणजे दोन हजार आठ साली, लिनक्सवाल्यांमध्येही तीच हवा होती. ज्यानं त्यानं आपापले नियम कशाला सांभाळायचे, थोडके ठेवा, सगळ्यांना सारखे ठेवा. कांचनला वाटलं, हे तर माझ्या मनातलं बोलताहेत!

तिनं माळा साफ केला. पानंच्या पानं गेली, मूठभर ओळी उरल्या. पेट्यांसाठी एकच नियम: पहिली सापडेल ती एक, दुसरी सापडेल ती दोन. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पुन्हा केला, आणखी एकदा केला. दर वेळी नावं बिनचूक. वायरी उपटून, उलटसुलट लावून बघाव्यात हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. त्या खोलीत वायरीला हात लावायची कुणाची छातीच नव्हती.

जाता जाता तिनं श्रीराम काकांना गाठलं. काका मूळचे नागपूरचे, आता इथले सिटिझन, कंपनीतल्या सगळ्या यंत्रांची देखभाल त्यांच्याकडे. कांचन त्यांना म्हणाली, "काका, तुमची कटकट मिटवली. आता पेटी बदला, वायर बदला, कुठलीही कुठेही लावा. नंबरबिंबर बघायचा नाही. कॉम्प्युटर आपलं आपण ओळखतो."

आनंदाच्या भरात माणूस बोलतं ना, तसं. पेटी बदला इथपर्यंत खरं होतं. पुढचं तिनं हौसेनं जोडलं.

दसरा होता गुरुवारी. पण अमेरिकेत देवांनाही वीकेंडची वाट बघावी लागते, त्यामुळे मराठी मंडळाचा दसरा शनिवारी दुपारी, एका शाळेच्या कॅफेटेरियात. आपट्याची पानं कुठून आणणार, तर बायकांनी सोनेरी कागदाची पानं कातरून आणलेली. मसालेभात, पुरी, श्रीखंड. दरवर्षीसारखाच गलका, पण यंदा गलक्याच्या खाली एक धास्ती होती. अमक्याच्या कंपनीनं अर्धी माणसं काढली, तमक्याला सामान बांधायला दोन आठवडेही मिळाले नाहीत, अशी कुजबुज टेबलाटेबलावर. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की विमान. कांचनला हे ऐकायचं नव्हतं. ती आपली पुरीत श्रीखंड घेऊन बसली होती, तेवढ्यात समोर श्रीराम काका येऊन टेकले. कपाळाला गंध, अंगात खादीचा झब्बा, चेहरा खूश.

"यंदा मशीनची पूजा मस्त झाली बरं का," काका म्हणाले. "गुरुवारी सकाळीच उरकली, तुम्ही लोक यायच्या आधी."

"दरवर्षी करता ना तुम्ही?"

"करतो. पण दरवर्षी नुसतं वरवरचं. लांबून हळदकुंकू वाहायचं, एक फूल ठेवायचं, झालं. वायरी काढायची भीती वाटे नं. यंदा तूच म्हणाली, कुठलीही कुठेही लावा. म्हटलं चला! दोन्ही पेट्या सोडवल्या, बाहेर काढल्या, चांगल्या पुसल्या. काय धूळ होती गं बाई! मग हळदकुंकू लावलं, नारळ दाखवला, आणि दिल्या परत लावून. पाच मिनिटांचं काम."

कांचनच्या हातातली पुरी तशीच राहिली. काहीतरी चुकलंय हे तिला उमगलं, पण काय ते पहिल्या क्षणी नीट कळेना.

"लावल्या म्हणजे... कुठली आधी लावलीत काका?"

"आता ते कुठं ध्यानात राहते?" काका पुरी मोडत म्हणाले. "खिडकीकडली आधी लावली वाटते. हो, खिडकीकडलीच. हाताशी तीच होती."

खिडकीकडचा फ्रीझर म्हणजे दोन नंबरचा. त्याची पेटी पहिली सापडली. म्हणजे तिच्या त्या सोप्या, सुटसुटीत, कौतुकाच्या नियमानं तिला नाव दिलं एक. आणि भिंतीकडच्या, पिशव्यांनी भरलेल्या खऱ्या एक नंबरला नाव मिळालं दोन.

"गुरुवारपासून कुणाच्याच लक्षात आलं नाही?" असं कुणी विचारेल. कसं येणार! दोन्ही फ्रीझर सारखेच थंड. आकडे सारखेच. नावांची अदलाबदल झाली तरी स्क्रीनवर रेघभर फरक पडणार नव्हता.

आजपर्यंत.

"काका," कांचन म्हणाली. "दोन नंबर बुधवारी रिकामा केलाय. साफ करायचाय म्हणून. आज सकाळी आन्या त्याला वितळवायला घालणार होती."

काकांचा घास तोंडापाशी थांबला. माणूस हुशार, त्यांना पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. ताट तिथंच टाकून दोघं उठली. शंतनू पलीकडे खुर्च्या लावत होता, त्याला कांचननं नुसतं "लॅबमध्ये जातेय" एवढं ओरडून सांगितलं.

गाडी काकांनी काढली. कांचननं आन्याला फोन लावला. आन्या लॅबची टेक्निशियन, आईवडील साताऱ्याकडचे, पण हिचा जन्म इथलाच. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत.

"आन्या, दोन नंबर वितळवायला घातलास?"

"येस, धिस मॉर्निंग. ऑल गुड. वन इज मायनस वन फिफ्टी, टू इज प्लस फोर."

"बंद कर. लगेच बंद कर ते, आणि दोन्ही फ्रीझर फुल थंडवर टाक. दोन्ही!"

"कांचन मावशी, व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही. येतेय मी."

काही नाही म्हणे! शनिवारची दुपार, रस्ता मोकळा, ऊन पडलेलं, लोक हॅलोविनचे भोपळे घेऊन घरी चाललेले, आणि ही सकाळपासून किती तास झाले ते मोजत बसलेली. काका एकदाच म्हणाले, "अगं, कदाचित भिंतीकडलीच आधी लावली असेल मी." मग स्वतःच मान हलवली. कांचननं तेवढ्यात सगळ्या देवांना हाका मारून घेतल्या. खिडकीकडची नको, भिंतीकडची असू दे. काकांची आठवण चुकीची असू दे. एवढं एकदा.

लॅबमध्ये आन्या दारातच उभी होती, घाबरून. स्क्रीनवर सगळं कसं छान होतं. एक: शून्याखाली दीडशे. दोन: शून्याच्या वर तीन, हळूहळू उतरणारा. दारांवरचे आकडेही कॉम्प्युटर वेगळ्या वायरनं, नावावरूनच पाठवायचा: भिंतीकडच्या दारावर दीडशे, खिडकीकडच्या दारावर तीन, हिरवे, शांत. अंगावर शहारा यावा इतके शांत.

"खात्री एकाच तऱ्हेनं होईल," कांचन म्हणाली. भिंतीकडच्या, भरलेल्या फ्रीझरच्या पेटीची वायर तिनं हातात धरली. "मी ही काढते. स्क्रीनवर कुठला आकडा जातो ते सांग."

वायर पेटीत घट्ट बसलेली. पेटीवर गुरुवारचं हळदकुंकू तसंच होतं, ते तिच्या बोटांना लागलं. तिनं वायर ओढली.

"टू," आन्या म्हणाली. "टू इज गॉन."

कांचननं वायर परत खोचली. काकांनी भिंतीला हात टेकला.

भरलेला फ्रीझर 'दोन' या नावाखाली सकाळपासून बसून तापत होता, आणि रिकामा फ्रीझर 'एक' नाव लावून दीडशे अंश थंडीत मिरवत होता. एरवी फ्रीझरचं झाकण कधी उघडलंच तर पांढऱ्या धुक्याचा लोट बाहेर येई, पायापर्यंत सांडे. काकांनी झाकण उचललं. धुकं आलं नाही. आतून ओला, कोंदट वास आला, आणि झाकणाच्या कडेवरून पाण्याचे थेंब टपटपले.

"ओ माय गॉड," आन्या म्हणाली, आणि तिनं तोंडावर हात ठेवला. मग हात काढून एकदम मराठीत म्हणाली, "मावशी, त्या बाई!"

"कुठल्या बाई?"

"सिॲटलच्या. त्यांची बॅग आपल्याला मंडेला पाठवायची आहे. त्यांची केमो आज आहे. ती मोठी केमो. आज दुपारी स्टार्ट होणार."

बाकीच्या पिशव्यांचं नुकसान कमी नव्हतं, पण ते भरून निघण्यासारखं होतं. त्या माणसांना अजून वेळ होता, त्यांच्या पेशी पुन्हा काढता आल्या असत्या. या बाईंना वेळ नव्हता. ते औषध एकदा शिरेत गेलं की परत फिरायला रस्ता नाही. हाडं जळणार, आणि सोमवारी त्यांच्या हातात काय पडणार? मेलेल्या पेशींची पिशवी, वर कंपनीचं लेबल.

कांचननं आधी ब्रायनला फोन केला. ब्रायन कंपनीचा मालक. वाईट माणूस नव्हता, उगाच त्याला राक्षस करायला नको. पण घाबरलेला मालक म्हणजे एक वेगळंच प्रकरण असतं. त्यानं घरूनच रेकॉर्ड उघडलं आणि म्हणाला, "मला तर सगळं ठीक दिसतंय. फ्रीझर एक, आठवडाभर सरळ रेघ. एक अंशही इकडचा तिकडे नाही."

"ते नाव चुकीचं आहे ब्रायन. ती रेघ रिकाम्या फ्रीझरची आहे."

मग तो म्हणाला, "ऐक. हॉस्पिटलला फोन करू नकोस. आधी मी वकिलाशी बोलतो. तू समजतेस तसं नसेलही. अर्धा तास दे मला. कांचन, अशा फोननंतर ही कंपनी राहणार नाही. तू राहणार नाहीस, मी राहणार नाही."

फोन ठेवल्यावर तिनं स्क्रीनकडे पाहिलं. एक, शून्याखाली दीडशे, सरळ रेघ. आणि तिच्या मनात ते आलं. आलंच. खोटं कशाला बोला. वायरी परत नीट लावायच्या, जुना नियम परत घालायचा, भरलेला फ्रीझर दोन तासांत पुन्हा गोठेल. रेकॉर्ड आयुष्यभर सांगेल की एक नंबर कधी हललाच नाही. कुणाला कळायचं कारण नाही. पेशंट कॅन्सरनं गेली म्हणतील. जातात माणसं. आणि पेशी मेल्याच आहेत असं तरी कोण छातीठोकपणे सांगतंय? असतील अजून थोड्या जिवंत. असतीलही!

तिला स्वतःचीच भीती वाटली. आत्तापर्यंतची सगळी भीती बाहेरून आलेली होती. ही आतून आली, आणि ही जास्त वाईट होती. हा विचार इतका नीटनेटका होता, इतका सुटसुटीत, की तो आपणच केला याबद्दल तिला शंकाच उरली नाही.

"माझं नाव सांग," श्रीराम काका मागून म्हणाले. "वायरी मी काढल्या. मी सिटिझन आहे, मला कुठं कोण हाकलते. म्हाताऱ्यानं वेड्यासारखी पूजा केली म्हण."

"तुम्हाला कुठलीही कुठेही लावा म्हणून कुणी सांगितलं काका?"

त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पाहून कांचनला एवढं भडभडून आलं की तिनं तोंड फिरवलं. रडायला वेळ नव्हता.

तेवढ्यात शंतनूचा फोन. "अगं, झालं काय? काकांचं ताट इथं, तुझं ताट इथं."

तिनं दोनतीन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाली, "शंतनू, मी हॉस्पिटलला फोन केला तर माझी नोकरी जाईल. आपल्याला परत जावं लागेल."

तो काय म्हणाला, तर एक क्षणही न थांबता, "बरं. आपलं सामान तरी असं कितीसं आहे? कर फोन. मी ठेवतो." आणि खरंच ठेवला. कांचनला त्या माणसाचं इतक्या दिवसांचं सगळं भाजी चिरणं एका क्षणात सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

वॉर्डचा नंबर आन्याकडे होता. तिनंच लावून दिला. रिंग वाजत राहिली. कुणी उचलेना. उचला ना, उचला, अरे कुणीतरी उचला! शेवटी एका नर्सनं उचलला, आणि कांचननं नाव सांगायच्या आधीच ओरडून टाकलं, "ती केमो सुरू करू नका!"

"एक मिनिट, तुम्ही कोण बोलताय?"

कांचननं नाव सांगितलं, कंपनी सांगितली, पिशवीचा नंबर सांगितला. नाव एकेक अक्षर फोडून सांगावं लागलं. दिवेकर हे नाव कधी एवढं लांब लागलं नव्हतं. नर्स म्हणाली, "होल्ड करा." आणि फोनमध्ये संगीत सुरू झालं. बासरी! कुणी ठेवलं असेल असलं संगीत तिथं? त्या बासरीचा एकेक सूर कांचनच्या छातीवर पडत होता. आन्यानं तिचा दंड घट्ट पकडला होता. काका डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. त्या मिनिटभरात औषध कुठवर गेलं असेल? नळीत? सुईत? शिरेत?

नर्स परत आली. "बाटली टांगलेली आहे. अजून सोडलेली नाही. उलटीचं औषध आधी चालू होतं, ते संपत आलंय. डॉक्टर विचारताहेत, तुमच्या कंपनीचं रेकॉर्ड ते आत्ता बघताहेत, त्यात तर तापमान व्यवस्थित आहे. मग हे काय आहे? खूप दिवस वाट बघून पेशंट या दिवसापर्यंत आलीय. डॉक्टरांना केमो उगाच थांबवायची नाही. तुम्हाला खात्री आहे का?"

इथं कांचनला नुसतं 'तपासून सांगते' म्हणून सुटता आलं असतं. तेवढंही पुरलं असतं. बाटली सुटली असती, आणि दोष कुणाचाच नसता.

"रेकॉर्ड खोटं आहे," ती म्हणाली. "नावांचे नियम मी बदलले, त्यामुळे दोन फ्रीझरची अदलाबदल झाली. ते रेकॉर्ड रिकाम्या फ्रीझरचं आहे. तुमच्या पेशंटच्या पेशी सकाळपासून गरम होताहेत. मी झाकण उघडून बघितलंय. धुकं नाही, पाणी आहे. त्या पेशी देऊ नका. आणि त्या देणार नसाल तर ही केमोही देऊ नका. माझं नाव लिहून घ्या. बाटली काढा."

पलीकडे घाईची पावलं, कुणाचे तरी आवाज, काहीतरी सरकवल्याचा खडखडाट. मग नर्सचा आवाज, थोडा लांबून: "बंद. काढली."

आन्या मटकन खुर्चीत बसली. काकांनी झब्ब्याच्या बाहीनं तोंड पुसलं. कांचनला वाटलं, आता आपण ढसाढसा रडणार. पण भीती काही उतरेना. वाटलं होतं, बाटली काढली की उतरेल. ती होती तिथंच होती.

नर्स म्हणाली, "पेशंट इथंच आहेत. त्यांनी सगळं ऐकलंय. त्यांना तुमच्याशी बोलायचंय. तुम्हाला नको असेल तर..."

"द्या," कांचन म्हणाली.

आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, घोगरा, सावकाश. "तूच का ती? फ्रीझरवाली?"

"हो."

"माझ्या त्या पेशी गेल्या?"

"बहुतेक गेल्या. माझ्या चुकीनं गेल्या. आय ॲम सो सॉरी." सॉरी हा शब्द कांचन दिवसातून वीस वेळा वापरायची, कुणाला धक्का लागला तरी. आज तो तोंडातून बाहेर पडला आणि तिला त्याची लाज वाटली.

"मग आता पुन्हा काढायच्या? त्या सुया, ती इंजेक्शनं, पुन्हा सगळं?"

"हो. पुन्हा काढता येतात."

"मागच्या वेळी माझ्या फार कमी निघाल्या होत्या," बाई म्हणाल्या. "तीन वेळा बसवलं तेव्हा एक पिशवी भरली. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. आणि या वेळी निघाल्याच नाहीत तर?"

कांचनला हे माहीत नव्हतं. तिनं आन्याकडे पाहिलं. आन्यानं मान खाली घातली. आणखी एक खोटं सोपं वाक्य बोलायची तिची हिंमत नव्हती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"तू घाबरली आहेस का?" बाईंनी विचारलं.

"हो," कांचन म्हणाली. "खूप."

"मीही," बाई म्हणाल्या. "इतक्यात फोन ठेवू नकोस."